वेला आणि येळवस

मार्गशीर्ष सरत आला की सोलापूरच्या भाजीबाजारात एक हिरवा गोंधळ माजतो. हरभऱ्याचे डहाळे, तुरीच्या शेंगा, पावटा, वाटाणा, कोवळी मेथी, गाजरं, बोरं, चिंचेचे आकडे. एरवी एकमेकींच्या वाऱ्यालाही उभ्या न राहणाऱ्या या भाज्या त्या आठवड्यात एकाच पिशवीत कोंबून घरी नेल्या जातात, कारण येळवशीच्या भज्जीत सगळ्यांना जागा असते. काल मीही नेल्या. सात रस्त्याच्या सिग्नलला पिशवीतल्या डहाळ्यांची आंबूस ओल साडीला लागली आणि एकदम कळेना, की आपण निघालोय कुठं? शाळेत, घरी, की रानात? मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवून तो प्रश्न निकाली काढला.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. आमच्या अक्कलकोटकडच्या गावांत तिचा थाट दिवाळीपेक्षा मोठा. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि रानं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, उभं करायचं, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे. भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, खीर आणि मडक्यात आंबवलेली ताकाची आंबील, असा नैवेद्य दाखवायचा. मग ती आंबील शिंपडत शेताला पुरता वळसा घालायचा. पुढं चालणाऱ्यानं ‘ओलगे ओलगे’ अशी आरोळी द्यायची आणि मागच्यानं ‘सालम पोलगे’ म्हणून उत्तर द्यायचं. याचा अर्थ काय, ते मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. अमावास्येच्या नावाबद्दलही गावात एकमत नाही. कानडी बोलणारे म्हणतात ‘येळ्ळ’ म्हणजे तीळ, ही तिळाची अमावास्या. कुणी म्हणतं ‘येळु’ म्हणजे सात, ही सातवी. आम्ही मराठी शाळेत शिकलेले वेळ म्हणजे वेळ असं धरून चालतो आणि भज्जीवर ताव मारतो.

मला ज्या येळवशीबद्दल लिहायचंय, त्या वर्षी आमच्या शाळेनं संस्कृतच्या जोडीला पालीचा पर्याय सुरू करायचं ठरवलं. मी संस्कृत शिकवते. ‘संस्कृत येतं म्हणजे पाली येतंच की, मॅडम’ असं म्हणून मुख्याध्यापकांनी माझं नाव परस्पर पुढं केलं. म्हणून त्या थंडीत मी संध्याकाळी सात रस्त्याजवळच्या एका वर्गात पाली शिकायला जाऊ लागले. पालीचे सर माझ्यापेक्षा बरेच लहान, बोलायला मऊ आणि वही तपासायला कडक. पहिले काही दिवस माझं नव्या सुनेसारखं झालं. माणसं ओळखीची, पण घराची रीत वेगळी. धर्माचा धम्म झालेला, सूत्राचं सुत्त झालेलं. आणि त्या गर्दीत ‘वेला’ भेटली. संस्कृतातही वेला आणि पालीतही वेलाच. एक काना इकडचा तिकडं झालेला नाही. मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

तो आनंद फार टिकला नाही. सरांनी फळ्यावर वेलाचे अर्थ लिहिले. काळ. मर्यादा, सीमा. समुद्राचा काठ. आणि रास, म्हणजे चक्क ढीग. घरी येऊन मी माझा जुना संस्कृत कोश काढला, तर त्यात गर्दी आणखी वाढलेली. काळ, सीमा आणि काठ तर होतेच. शिवाय समुद्राची भरती, शिवाय देवाचं जेवण, शिवाय क्लेश न होता आलेलं मरण. मी कोश मिटला आणि भात लावायला गेले. इतकी वर्षं मुलांना ‘वेला म्हणजे वेळ, पुढचा शब्द’ असं शिकवत आले होते.

दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं, “सर, यातला मूळचा अर्थ कोणता?”

“मॅडम, तुम्हाला मूळ शोधायचंय की वाक्य वाचायचंय?”

“वाक्यच वाचायचंय. पण कुठला अर्थ घेऊन वाचू?”

“वाक्यात बसवून बघा, कळतं.”

“आणि बसवूनही नाही कळलं तर?”

सरांनी फळा पुसला, हात झटकले. “मग तिथं थांबायचं. मीही बऱ्याच ठिकाणी थांबलोय.”

मला राग आला. शिकवणाऱ्यानं असं बोलू नये, असं माझं स्पष्ट मत होतं. आता तितकंसं स्पष्ट राहिलेलं नाही.

त्या थंडीत माझे वडील, आप्पा, आमच्या सोलापूरच्या फ्लॅटमध्ये राहायला होते. आई त्यांच्यासोबत होती. आप्पांचं विसरणं सुरू झालं होतं. आधी फ्लॅटचे दरवाजे विसरले, मग माझ्या नवऱ्याचं नाव. एकदा गॅलरीत उभं राहून खालच्या सिमेंटच्या पार्किंगकडं बघत म्हणाले, “हितं काय पेरलंय यंदा? उगवलं न्हाय की अजून.” मी हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. डॉक्टर म्हणाले होते की नवं आधी जातं, जुनं शेवटी. हे ऐकल्यावर माझ्या मनात एक आशा बसली, आणि ती आशा सांगायची तर काकांबद्दल सांगावं लागेल.

काका म्हणजे आप्पांचे एकुलते धाकटे भाऊ. एकाच ताटात जेवून वाढलेले. वाटणी झाली, शेताच्या मधोमध बांध पडला आणि त्यानंतर कुणाच्या औतानं कुणाचा बांध कोरला यावरून दोघांचं जे बोलणं बंद झालं ते झालंच. माझं लग्न त्या अबोल्यात झालं, माझी मुलं त्या अबोल्यात कॉलेजात गेली. येळवशीला बांधाच्या अलीकडं आमची कोप, पलीकडं त्यांची. पाच पांडव वाटून घेता येईनात, म्हणून काकांनी ओढ्यातून नवे पाच दगड आणून रंगवले. आमच्या त्या एवढ्याशा रानात तेव्हापासून दहा पांडव आहेत. लहान पोरं विचारायची, त्यातला भीम कुठला. आई म्हणायची, “दोन्हीकडचे भीमच हायत, बाबा.”

माझी आशा अशी होती. बांध नवा, भाऊ जुना. म्हणजे आप्पांच्या डोक्यातून आधी बांध जाईल आणि मग कधीतरी भाऊ जाईल. या दोहोंच्या मध्ये थोडा काळ असणार, ज्यात भांडण विसरलेलं असेल पण भाऊ आठवत असेल. तेवढ्यात या दोघांना समोरासमोर आणायचं. एकदा दोघं बोलले की मग आप्पांनी काय विसरायचं ते विसरावं. एरवी ज्या विसरण्याला मी शिव्या घालत होते, त्याच्याकडूनच मी आता काम करून घ्यायला निघाले होते. ही वेला गाठायची, असं मी मनाशी म्हणायची, आणि वेला म्हणजे काळ, एवढ्याच अर्थानं म्हणायची.

दोघांना आधी चाचपून पाहिलं होतं. आप्पा तेव्हा बऱ्यापैकी शुद्धीत होते, म्हणाले, “त्येनं आदी बोलावं. धाकटा हाय त्यो.” काकांना फोन केला, तर काका म्हणाले, “मी कदी न्हाय म्हनलोय का, शैला? त्येनं हाक मारली तर यीन की. एक हाक मारू दे.” म्हणजे एकाला हाक मारायची नव्हती आणि दुसऱ्याला हाकेशिवाय यायचं नव्हतं. शेजारच्या दोन रानांत दोघं इतकी वर्षं एकमेकांच्या खोकल्याचा आवाज ऐकत होते.

पाण्याचा काठ मी त्याच सुमारास पाहिला. समुद्र आमच्या वाट्याला आलेला नाही, आमचं पाणी म्हणजे उजनी. शाळेतल्या एका मैत्रिणीचं सासर धरणाकाठी आहे. तिनं एकदा उन्हाळ्यात नेलं होतं तेव्हा पाणी खूप मागं हटलेलं, तडकलेला गाळ उघडा पडलेला. त्या गाळात जुन्या रानांचे बांध अजून दिसत होते. तिच्या सासऱ्यांनी लांबूनच हात करून आपलं रान दाखवलं. त्या थंडीत पुन्हा गेले, तर त्याच ठिकाणी मोटारींच्या पायपा पाण्यात सोडलेल्या आणि पार वरपर्यंत निळं पाणी. काठ म्हणून मी जिथं उभी राहिले होते तो आता पाण्याच्या आत कुठंतरी होता. मी मैत्रिणीला म्हटलं, मग काठ नक्की कुठला? ती म्हणाली, “पाणी असंल तितला. तू लई इचार करतीस.” परतीच्या एसटीत मला आप्पांची आठवण येत राहिली. त्यांच्या डोक्यात काय पाण्याखाली गेलं असेल आणि काय उघडं पडलं असेल, हे मला बाहेरून कसं कळणार?

येळवशीच्या दिवशी आम्ही आप्पांना घेऊन गावी गेलो. थंडी कोरडी होती, ज्वारी खांद्याच्या वर गेलेली, कणसं नुकती पोटऱ्यातून बाहेर पडू लागलेली. करडईच्या काट्यांनी साडीचा काठ दोनदा धरून ठेवला. रानात पाय ठेवल्याबरोबर आप्पा बदलले. फ्लॅटमध्ये भिंतीला धरून चालणारा माणूस सरीतून झपाझप निघाला. त्यांनी कोपीचा कडबा दाबून पाहिला, आईला “चुना लई पातळ केलास” म्हणून दटावलं, पांडवांपुढं डोकं टेकलं. बांधापलीकडं काका त्यांच्या कोपीसमोर बसले होते. मी आप्पांच्या चेहऱ्याकडं टक लावून पाहत होते. त्यांची नजर काकांवरून गेली, पुढं गेली आणि ओढ्याकाठच्या बाभळीवर थांबली. ओळख पटली म्हणून नजर काढून घेतली की ओळख नव्हतीच म्हणून, काही कळलं नाही. माझी वेला आली होती, यायची होती की कधीच निघून गेली होती?

नैवेद्य झाला. आप्पांनी आंबिलीचं मडकं स्वतः उचललं, हातात हरभऱ्याचा डहाळा घेतला. शिंपणाऱ्यानं मागं वळून बघायचं नसतं आणि वळसा मध्येच तोडायचा नसतो, ही आमच्याकडची रीत. मी त्यांच्या मागून चालू लागले. “ओलगे ओलगे!” आप्पांचा आवाज इतका खणखणीत निघाला की कोपीजवळ आई उभी राहिली. “सालम पोलगे!” मी म्हटलं. असं करत आम्ही अर्धं रान ओलांडलं आणि बांधाच्या टोकाला आलो. इथून आप्पांनी बांधाला धरून वळायचं. वाटणीपासून दरवर्षी ते असेच वळत आलेले. त्या दिवशी ते वळले नाहीत. ते सरळ बांधावर चढले, पलीकडं उतरले आणि काकांच्या ज्वारीत आंबील शिंपडत चालू लागले.

“आप्पा!” मी हाक मारली. त्यांनी रीतीप्रमाणं मागं पाहिलं नाही. त्यांचा वळसा त्यांच्या वडिलांच्या रानाचा होता, अख्ख्या रानाचा, जसा ते तरुणपणी घालत. मी बांधावरच उभी राहिले. दुसऱ्याच्या रानात आपण येळवस शिंपायची? काका काय म्हणतील? जाऊ दे, शिंपू दे म्हणतील की इतक्या वर्षांचं आज काढतील? पलीकडून आरोळी आली, “ओलगे ओलगे!” मागं उत्तर द्यायला कुणी नव्हतं. आप्पा थबकले. पुन्हा ओरडले, “ओलगे ओलगे!” आवाजात आता एक लहान मुलासारखी भीती होती. आरोळी अशी उत्तराविना सोडायची नसते. मी उत्तर दिलं नाही, याची मला आजही चीड येते.

काका उठले. धोतर झटकलं. जागेवरूनच त्यांनी उत्तर दिलं, “सालम पोलगे!” मग भरभर चालत आप्पांच्या मागं जाऊन लागले. पुढं आप्पा, मागं काका, मध्ये चार-सहा पावलांचं अंतर. ज्वारीच्या वर दोघांची फक्त मुंडाशी दिसत होती. बाभळ, ओढा, पल्याडची विहीर. आरोळी आणि उत्तर, आरोळी आणि उत्तर. याशिवाय एक शब्द नाही. बांधाच्या दुसऱ्या टोकाशी येताच काका थांबले आणि आप्पा एकटेच अलीकडं उतरले. मडकं पालथं करून शेवटचा थेंब मातीत टाकला, आणि मला म्हणाले, “मागं कोन हुतं गं? आवाज चांगला हाय गड्याचा. जेवायला बोलाव त्येला.”

यावर मी किती डोकं फोडलंय. आप्पांना खरंच आवाज ओळखू आला नाही? की वळून बघायचं नाही या रीतीच्या आडोशानं त्यांनी जे करायचं ते करून घेतलं? बांध विसरले असतील तर त्याच्यासोबत भाऊही विसरले का? आणि भाऊ आठवत असेल तर बांध कसा विसरला? मी मोठ्या हुशारीनं लावलेली रांग त्यांनी पार मोडून टाकली होती. मला वाटतं, मी त्या दिवशी आप्पांवर थोडी रागावलेही होते. काय झालं ते डोळ्यांसमोर झालं, आणि तरी कुणी विचारलं असतं की दोघं भाऊ बोलले का, तर मला हो म्हणता आलं नसतं आणि नाहीही म्हणता आलं नसतं.

पुढच्या चैत्रात आप्पा गेले. दुपारी ताक-भाकरी खाऊन आडवे झाले ते उठले नाहीत. सगळे म्हणाले, सोनं झालं, काही त्रास नाही. मला तो कोश आठवला. जे क्लेश होत नाहीत म्हटलंय, ते मरणाऱ्याला होत नसावेत. मागं राहिलेल्यांबद्दल कोशात काही दिलेलं नाही. मी किती दिवस आप्पांच्या चपला दारातून हलवू शकले नाही. काका आले, खांदा दिला, आणि आल्यागेल्या प्रत्येकाला सांगत राहिले, “येळवशीला दादानं हाक मारली हुती मला.” लोक मान हलवत होते. मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि माझा गोंधळ आणखी वाढत होता, कारण त्या येळवशीला बांधावर काका मला जे बोलले होते ते निराळं होतं.

आप्पांनी जेवायला बोलाव म्हटल्यावर मी काकांकडं गेले होते. ते बांधाला पाठ लावून बसले होते, दम लागलेला. मी म्हटलं, “काका, आप्पा जेवायला बोलावतायत.”

“मला?”

मी साडीच्या काठात अडकलेला करडईचा काटा काढू लागले.

“मागचा गडी कोन म्हनून इचारलं आसंल,” काका म्हणाले. “व्हय का न्हाय?”

“व्हय,” मी म्हटलं.

“बरं झालं की. वळखलं आसतं तर आला आसता व्हय बांध चढून?” ते हसले आणि मुंडाशाच्या शेवानं डोळे पुसले. हसून पाणी आलं की कशानं, माहीत नाही.

“चला ना, काका. एकदा बसा पंगतीला.”

“नगं. आलो, आन् ताटावर मदीच वळखलं मला, तर उठून जाईल त्यो. त्येचा सोबाव तुला ठावं न्हाय, मला ठावं हाय. येळवशीला मानूस उपाशी उठाया नगं.”

मी परत गेले, आईला सांगितलं. तिनं डबाभर भज्जी आणि उंडे भरून माझ्या हातात दिले. मी पुन्हा बांध ओलांडला. काकांनी डबा घेतला, मांडीवर ठेवला, बराच वेळ झाकणावर हात फिरवला. मग तिथंच, माझ्यासमोर, सगळं संपवलं. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून त्यांनी तो त्यांच्या कोपीत नेला आणि त्यांच्या घरची भज्जी काठोकाठ भरून आणली. माझ्या हातात देताना डबा लगेच सोडला नाही.

“दादाला दे. गरम हाय तवर दे. कुनी दिली ते सांगू नगंस.”

आप्पा कोपीच्या सावलीत ताटावर वाट बघत बसले होते. मी ती भज्जी त्यांच्या ताटात वाढली. त्यांनी उंडा मोडला, घास घेतला, थांबले. आईनं हातातला पळा तसाच धरून ठेवला. आप्पांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, मान खाली घालून ताट चाटून पुसून साफ केलं. मग माझ्याकडं बघितलं.

“आपल्याच रानातली हाय न्हवं ही?”

“व्हय, आप्पा,” मी म्हटलं, “आपल्याच रानातली.”